एक्स-मेनचा अनुशेष: क्राकोआ ते ‘एज ऑफ रेव्हलेशन’, काय वाचायचं आणि कोणत्या क्रमानं

शिलेदार (धागाकर्ता)

जुलै २०१९ मध्ये जोनाथन हिकमनच्या ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ एक्स’ या जोडमालिकांनी मार्व्हल कॉमिक्समधल्या एक्स-मेनचा (म्यूटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेल्या सुपरहिरोंचा संघ) क्राकोआ कालखंड, म्हणजे म्यूटंटांनी क्राकोआ बेटावर स्वतःचं राष्ट्र उभारलं तो काळ, सुरू झाला आणि जून २०२४ मधल्या ‘एक्स-मेन’ ३५ या अंकाशी तो संपला. त्यानंतर ‘फ्रॉम द अ‍ॅशेस’ या नावाखाली सगळ्या मालिका नव्यानं सुरू झाल्या. मधल्या पाच वर्षांचे अंक शेकड्यांनी आहेत. ज्यांचं वाचन मध्येच सुटलं त्यांची पंचाईत कंटाळ्यामुळे होत नाही. कुठून उचलायचं तेच कळत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे: सगळं वाचायला जाऊ नका. एक कणा पकडा, तो सलग वाचा आणि आवडलेल्या पात्रांच्या फांद्या मागाहून जोडा. प्रकाशनाच्या तारखेप्रमाणे सगळं वाचायला घेतलं की पहिल्या वीस-पंचवीस अंकांतच सहा मालिका अर्ध्यावर लटकतात आणि उत्साह तिथंच संपतो.

सुरुवात मात्र तडजोड न करता, या बारा अंकांनी आणि याच क्रमानं:

हाउस १, पॉवर्स १, हाउस २, पॉवर्स २, पॉवर्स ३, हाउस ३, हाउस ४, पॉवर्स ४, हाउस ५, पॉवर्स ५, हाउस ६, पॉवर्स ६.

पॉवर्स २ आणि ३ लागोपाठ आहेत, ही छपाईची चूक नव्हे. पॉवर्सचे चार काळ आहेत: वर्ष १, १०, १०० आणि १०००. शंभराव्या वर्षाचा धागा नक्की कुठला आहे ते पॉवर्स ३ मध्ये कळतं आणि ते डोक्यात असेल तरच हाउस ३ आणि ४ मधल्या मोहिमेचं वजन जाणवतं. हाउसचे सहा अंक आधी संपवून मग पॉवर्स घेतलं तर हा सगळा परिणाम वाया जातो.

सगळ्यात महत्त्वाचा अंक हाउस २. पुन्हा पुन्हा जन्म घेणाऱ्या मॉयरा मॅकटॅगर्टच्या जन्मांचा तक्ता त्यात आहे. तो नीट पाहा. सहावा जन्म तिथं मुद्दाम गाळलेला आहे आणि त्याचं उत्तर थेट पॉवर्स ६ मध्ये येतं. तक्ता घाईनं उलटणाऱ्याला ती गाळलेली जागा दिसतच नाही, मग शेवटच्या अंकाचा धक्काही बसत नाही.

पुढचा कणा: हिकमनची ‘एक्स-मेन’ १ ते २१, त्यात मधे ‘एक्स ऑफ स्वॉर्ड्स’, मग ‘इन्फर्नो’ चार अंक, मग किरन गिलनची ‘इम्मॉर्टल एक्स-मेन’ १८ अंक, आणि शेवटी ‘फॉल ऑफ द हाउस ऑफ एक्स’ व ‘राइज ऑफ द पॉवर्स ऑफ एक्स’ प्रत्येकी पाच. जाणकारांनी भर घालावी.

रातराणी

वाचनखूण साठवली. दोन शंका. हिकमनची ‘एक्स-मेन’ मालिका फार सुटी सुटी वाटते, दर अंकात वेगळीच गोष्ट. त्यातले मोजके अंक वाचून भागेल का? आणि ‘एक्स ऑफ स्वॉर्ड्स’चे बावीसच्या बावीस भाग वाचायलाच हवेत का?

दर्यावर्दी

रातराणी, पहिल्या शंकेचं उत्तर: भागतं, पण कुठला अंक कशाची पेरणी आहे ते माहीत हवं.

अंक २ आणि १२ अराक्को या क्राकोआपासून तुटलेल्या बेटाबद्दल आहेत. हे दोन्ही ‘एक्स ऑफ स्वॉर्ड्स’च्या आधी वाचलेच पाहिजेत, नाहीतर समनर कोण आणि अपोकॅलिप्सचा एवढा जीव कशात अडकलाय ते कळत नाही. अंक ६ आणि २० मिस्टिकचे. ‘इन्फर्नो’ याच दोन अंकांवर उभी आहे. अंक ५, १८ आणि १९ व्हॉल्टचे, म्हणजे सिंक, लॉरा आणि डार्विनची मोहीम. या कालखंडातली माझ्या मते सगळ्यात जीव लावून लिहिलेली गोष्ट हीच, आणि सिंक पुढं जेरी डगनच्या ‘एक्स-मेन’मध्ये महत्त्वाचा होतो. अंक ४ म्हणजे दाव्होसचं जेवण, क्राकोआचं जगाशी नातं तिथं समजतं. अंक ७ क्रूसिबलचा, म्हणजे शक्ती गेलेल्या म्यूटंटांनी ती परत मिळवण्यासाठी मरेपर्यंत लढायच्या विधीचा. मेलेल्या म्यूटंटांच्या पुनरुत्थानाची व्यवस्था हाउस ५ मध्ये कळते, पण तिची नैतिक किंमत या अंकात दिसते. म्हणजे २, ४, ५, ६, ७, १२, १८, १९, २० आणि २१. उरलेले नंतर सावकाश.

दुसरी शंका. ‘एक्स ऑफ स्वॉर्ड्स’ सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२० मध्ये आलं. पहिला भाग ‘क्रिएशन’, अकरावा ‘स्टॅसिस’, बाविसावा ‘डिस्ट्रक्शन’. स्टॅसिसच्या आधी तलवारी गोळा करणं, नंतर स्पर्धा. संपूर्ण क्रम असा:

क्रिएशन, एक्स-फॅक्टर ४, वुल्व्हरिन ६, एक्स-फोर्स १३, मरॉडर्स १३, हेलियन्स ५, न्यू म्यूटंट्स १३, केबल ५, एक्सकॅलिबर १३, एक्स-मेन १३, स्टॅसिस, एक्स-मेन १४, मरॉडर्स १४, मरॉडर्स १५, एक्सकॅलिबर १४, वुल्व्हरिन ७, एक्स-फोर्स १४, हेलियन्स ६, केबल ६, एक्स-मेन १५, एक्सकॅलिबर १५, डिस्ट्रक्शन.

यातलं हेलियन्स ५ आणि ६ गाळलं तरी मुख्य स्पर्धेचं काही अडत नाही. बाकी गाळू नका. विशेषतः मरॉडर्स १४-१५ गाळण्याचा मोह होतो, कारण तिथं मेजवानीच चालू असते. पण स्पर्धेचे नियम किती लहरी आहेत ते त्या मेजवानीनंतरच पटतं. ते दोन अंक न वाचता वुल्व्हरिन ७ उघडलं तर लढती कुणीतरी मनाला येईल तशा लावल्यासारख्या वाटतात.

गवतीचहा

पुस्तकरूपात घेणाऱ्यांसाठी एक मोठा खड्डा. क्राकोआच्या संग्रहांच्या दोन समांतर वाटा आहेत. ‘डॉन ऑफ एक्स’ खंड १ मध्ये एक्स-मेन १, मरॉडर्स १, एक्सकॅलिबर १, न्यू म्यूटंट्स १, एक्स-फोर्स १ आणि फॉलन एंजल्स १, म्हणजे सहा मालिकांचे पहिले अंक. दुसरी वाट मालिकानिहाय: ‘एक्स-मेन बाय जोनाथन हिकमन’ खंड १ मध्ये त्याच मालिकेचे १ ते ६. दोन्ही वाटांचे खंड मिसळून घेतले की तेच अंक दोनदा विकत घेतले जातात आणि तरीही मधले राहून जातात.

शिलेदारांचा कण्याचा सल्ला मानायचा असेल तर मालिकानिहाय वाट घ्या. ‘डॉन ऑफ एक्स’चे खंड फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना सगळ्या मालिका एकत्र पुढं सरकताना बघायच्या आहेत. ‘एक्स ऑफ स्वॉर्ड्स’चे बावीसही भाग एकाच जाड पुस्तकात मिळतात. तिथं सुटे खंड शोधत बसू नये.

आयात पुस्तकाची ऑर्डर देण्याआधी मलपृष्ठावर छापलेली ‘समाविष्ट अंक’ ओळ वाचा. संकेतस्थळावर मलपृष्ठाचा फोटो नसेल तर आयएसबीएन क्रमांकानं शोधा. मुखपृष्ठावरच्या खंड क्रमांकावर विसंबू नका.

निळा_पतंग

गवतीचहा यांच्या खड्ड्याशेजारी आणखी एक: सारख्या नावांच्या मालिका.

‘इन्फर्नो’ नावाचं एक जुनं प्रकरण १९८८-८९ मधलं आहे. आपल्याला हवी ती हिकमनची, २०२१ ची, चार अंकांची. ‘एक्स-मेन रेड’ २०१८ ची टॉम टेलरची आणि २०२२ ची अल इविंगची. हवी ती दुसरी. ‘एक्स-मेन फॉरएव्हर’ ख्रिस क्लेअरमाँटचीही आहे, हवी ती गिलनची २०२४ ची चार अंकांची. ‘एक्स-फॅक्टर’ २०२० ची लिआ विल्यम्सची आणि २०२४ ची मार्क रसेलची. आणि नुसतं ‘एक्स-मेन’ म्हटलं तर २०१९ (हिकमन), २०२१ (डगन) आणि २०२४ (जेड मॅके) अशा तीन मालिका, प्रत्येकीचा अंक १ वेगळा.

उपाय एकच. शोधताना मालिकेच्या नावासोबत सुरू झालेलं वर्ष आणि लेखकाचं नाव टाका. मार्व्हल अनलिमिटेड या मार्व्हलच्या कॉमिक्स वाचायच्या अ‍ॅपमध्ये मालिकेच्या नावापुढं कंसात वर्षं असतात, ती आधी बघा.

मुखपृष्ठावर छोट्या अक्षरांत दुसरा एक क्रमांक असतो, तो जुन्या मालिकांपासूनची एकत्रित मोजणी. डगनच्या मालिकेचा ३५ वा अंक त्या मोजणीनं ७०० वा आहे. कुणी ‘एक्स-मेन ७००’ म्हणालं आणि कुणी ‘एक्स-मेन ३५’, तर दोघं एकाच अंकाबद्दल बोलताहेत.

दर्यावर्दी

शिलेदारांच्या कण्याला माझी एक सुधारणा. इम्मॉर्टल एक्स-मेन एकटी वाचू नये, तिच्यासोबत इविंगची ‘एक्स-मेन रेड’ (२०२२, १८ अंक) जोडीनं घ्यावी. आणि रेड घ्यायची तर तिच्याआधी इविंगचीच ‘स्वॉर्ड’, अकरा अंक. २०२१ च्या हेलफायर गाला या म्यूटंटांच्या समारंभात मंगळाचं काय झालं ते ‘प्लॅनेट-साइझ एक्स-मेन’ १ मध्ये आहे. त्यानंतर स्वॉर्ड ६ वाचा. रेडचं सगळं राजकारण त्या मंगळावरच घडतं.

जोडीनं वाचण्याचं वेळापत्रक:

इम्मॉर्टल १ ते ४ आणि रेड १ ते ४ कसेही वाचा. मग ‘जजमेंट डे’ (२०२२, सहा अंक) सुरू करा. इम्मॉर्टल ५ ते ७ आणि रेड ५ ते ७ याच प्रकरणात घडतात. जजमेंट डे १ वाचल्याशिवाय रेड ५ उघडू नका. मुख्य मालिका न वाचता रेड ५ ला पोचलेल्याला वाटतं की मधला एक अंक हरवलाय.

त्यानंतर इम्मॉर्टल ८ ते १० आणि रेड ८ ते १०. इम्मॉर्टल १० थेट ‘सिन्स ऑफ सिनिस्टर’मध्ये शिरते. हे प्रकरण ११ अंकांचं आहे आणि इथं बहुतेकांचा क्रम चुकतो. सुरुवातीला ‘सिन्स ऑफ सिनिस्टर’ १, शेवटी ‘डोमिनियन’ १, मधे तीन मालिका प्रत्येकी तीन अंकांच्या: ‘इम्मॉरल एक्स-मेन’, ‘नाइटक्रॉलर्स’ आणि ‘स्टॉर्म अँड द ब्रदरहुड ऑफ म्यूटंट्स’. एक मालिका संपवून दुसरी घ्यायची नाही. तिन्हींचे अंक १ दहा वर्षांनंतरचे, अंक २ शंभर वर्षांनंतरचे, अंक ३ हजार वर्षांनंतरचे. म्हणून आधी तिन्ही १, मग तिन्ही २, मग तिन्ही ३. नाइटक्रॉलर्सचे तिन्ही सलग वाचले तर हजाराव्या वर्षापर्यंत जाऊन परत दहाव्या वर्षाला यावं लागतं.

परत आल्यावर इम्मॉर्टल ११ आणि रेड ११ पासून पुढं. ‘हेलफायर गाला २०२३’ हा एकच मोठा अंक इम्मॉर्टल १४ च्या आधी. डगनच्या ‘एक्स-मेन’मध्ये तो २४ आणि २५ च्या मधे बसतो. हा अंक चुकला तर ‘फॉल ऑफ एक्स’ या कालखंडाच्या शेवटच्या टप्प्यातलं काहीही समजणार नाही.

शिलेदार

दर्यावर्दी, जोडीचं वेळापत्रक एकदम मान्य. मूळ धाग्यातला कणा असा वाचावा: इम्मॉर्टल + रेड.

शेवटाबद्दल दोन टिपा. इम्मॉर्टल १८ ला थांबलात तर गोष्ट अर्धवट राहते. तिचा पुढचा भाग म्हणजे गिलनची ‘एक्स-मेन फॉरएव्हर’. ती आणि ‘राइज ऑफ द पॉवर्स ऑफ एक्स’ एकाच धाग्याच्या आहेत, त्या जवळजवळ ठेवूनच वाचाव्यात. इथं प्रकाशनाच्या तारखेचा क्रम पाळणं सगळ्यात सोपं. ‘रेड’ १८ नंतर इविंगचीच आणखी एक चार अंकांची मालिका आहे. तिचं नावच रहस्य फोडतं, म्हणून जजमेंट डे व्हायच्या आधी ती मालिका शोधायला जाऊ नका.

डगनच्या मालिकेबद्दल: २५ ते ३५ वाचा. तिच्या २६ व्या अंकातल्या प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग ‘इन्व्हिन्सिबल आयर्न मॅन’ १० मध्ये आहे. ती मालिकाही तेव्हा डगनच लिहीत होता आणि ऑर्किस या म्यूटंटविरोधी संघटनेविरुद्धची बरीच लढाई तिथंच घडते.

टपालगाडी

माझं मत पूर्ण उलट. आज वाचन सुरू करणाऱ्यानं २०२४ पासून सुरू करावं. ‘फ्रॉम द अ‍ॅशेस’ त्यासाठीच आखलं होतं. मॅकेची ‘एक्स-मेन’ (जुलै २०२४), गेल सिमोनची ‘अनकॅनी एक्स-मेन’ (ऑगस्ट) आणि ईव्ह इविंगची ‘एक्सेप्शनल एक्स-मेन’ (सप्टेंबर) या तीन मालिका तीन ठिकाणी उभ्या आहेत: अलास्कातला सेंटिनेल या म्यूटंटांची शिकार करणाऱ्या यंत्रमानवांचा जुना कारखाना, लुइझियानातलं हेवन हाउस आणि शिकागो. क्राकोआ गेलं, म्यूटंट पांगले, सायक्लॉप्स आणि रोगमध्ये बेबनाव आहे. एवढं माहीत असलं की पुरे.

अनकॅनीमध्ये तर जिटर, रॅन्सम, डेथड्रीम आणि कॅलिको ही चार नवी मुलंच वाचकाचा हात धरतात. त्यांनाही आधीचं काही ठाऊक नसतं. एक्सेप्शनलमध्ये ब्रॉन्झ, अ‍ॅक्सो आणि मेली. नवख्या वाचकाला शंभरेक अंकांचा गृहपाठ देणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं. आधी गोडी लागू द्या, मागचं नंतर वाचता येतं.

दर्यावर्दी

टपालगाडी, नव्या वाचकासाठी तुमचं खरं आहे. पण हा धागा वाचन सुटलेल्यांसाठी आहे. अशा वाचकाला मॅकेचा पहिला अंक उघडताच प्रश्न पडतात: मॅग्नेटो चाकाच्या खुर्चीत का, एक्स-मेनचा संस्थापक चार्ल्स झेवियर तुरुंगात का, इडीचं नाव टेम्पर कसं झालं? यातल्या काहींची उत्तरं नव्या मालिकाच देतात, पण चार्ल्स झेवियरच्या तुरुंगवासाचं ओझं ‘फॉल ऑफ द हाउस ऑफ एक्स’ वाचल्याशिवाय अंगावर येत नाही. आणि ‘एक्स-मॅनहंट’ तर सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

बीस्टचंही तसंच. मॅकेच्या टीममधल्या बीस्टला मधली वर्षं का आठवत नाहीत, ते बेंजामिन पर्सीच्या ‘एक्स-फोर्स’च्या शेवटी आहे. ती मालिका ५० अंकांची. हँक मॅकॉयचा, म्हणजे बीस्टचा, अधःपात पर्सीनं पहिल्या वर्षापासून इतक्या सावकाश रचलाय की मधलाच अंक उचलून तो कळत नाही. ज्यांना एकच फांदी जोडायची आहे त्यांनी ही जोडावी. सिनिस्टर आणि हसतखेळत क्रूरपणा हवा असेल तर झेब वेल्सची ‘हेलियन्स’, १८ अंक, कालखंडातली सगळ्यात नेटकी मालिका.

निळा_पतंग

अलीकडच्या अंकांचा क्रम देतो, कारण विचारणारे जास्त हेच विचारतात.

मार्च २०२५ चं ‘एक्स-मॅनहंट’ आठ भागांचं: अनकॅनी ११, एनवायएक्स ९, स्टॉर्म ६, एक्स-मेन १३, एक्स-फॅक्टर ८, एक्स-फोर्स ९, एक्सेप्शनल ७ आणि शेवटी ‘एक्स-मॅनहंट ओमेगा’ १. फक्त मॅकेची मालिका वाचणाऱ्याला तेरावा अंक मधूनच सुरू झाल्यासारखा वाटतो, कारण तो चौथा भाग आहे. निदान अनकॅनी ११, एक्स-मेन १३ आणि ओमेगा हे तीन घ्याच. स्टॉर्मची मालिका वाचत नसाल तर सहावा अंक एकटा घेऊन फार हाती लागत नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून ‘एज ऑफ रेव्हलेशन’. इथं मालिकांची नावंच तात्पुरती बदलली: मॅकेच्या ‘एक्स-मेन’च्या जागी ‘अमेझिंग एक्स-मेन’, अनकॅनीच्या जागी ‘अनब्रेकेबल एक्स-मेन’. अ‍ॅपमध्ये नेहमीची मालिका पाठपुराव्यावर ठेवली असेल तर हे अंक तिथं दिसणार नाहीत, वाटतं मालिका बंद पडली. त्यांना वेगळं शोधून जोडावं लागतं. सुरुवात ‘ओव्हर्चर’ या एका अंकानं होते. काळ दहा वर्षं पुढचा आणि रेव्हलेशन म्हणजे डग रॅमझी, आपला सायफर. तो तिथवर कसा पोचला त्याचं बी ‘एक्स-मेन: एअर ऑफ अपोकॅलिप्स’ (२०२४, चार अंक) मध्ये आहे. ती छोटी मालिका बरेच जण गाळतात. यावेळी गाळू नका.

रातराणी

मनापासून आभार सगळ्यांचे. मार्व्हल अनलिमिटेडवर हे सगळं मिळतं का? आणि फोनवर वाचताना कथेच्या मधे येणारी नुसत्या मजकुराची पानं फार बारीक दिसतात, त्याला काही उपाय?

गवतीचहा

मिळतं. फक्त नवे अंक छापील अंकानंतर साधारण तीन महिन्यांनी येतात. त्यामुळे ‘अद्ययावत’ व्हायचं म्हणजे तीन महिने मागे राहणं धरूनच चालायचं, किंवा शेवटचे दोन-तीन अंक किंडलवर सुटे घ्यायचे. अमेरिकेत नवे अंक बुधवारी निघतात.

मालिका एकेक करून न उघडता आधी वाचनयादी बनवा. ‘एक्स ऑफ स्वॉर्ड्स’चे बावीस आणि ‘सिन्स ऑफ सिनिस्टर’चे अकरा अंक वरच्या क्रमानं यादीत टाकले की दर वेळी पुढचा भाग शोधावा लागत नाही. अंक संपल्यावर अ‍ॅप त्याच मालिकेचा पुढचा अंक सुचवतं. क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे एक गोष्ट अनेक मालिकांत पसरलेली असते तेव्हा, तो नेमका चुकीचा असतो: मरॉडर्स १३ नंतर ते मरॉडर्स १४ दाखवेल, पण मधले सात भाग राहतील.

मजकुराच्या पानांबद्दल: ती टॉम मुलरच्या रचनेची, पांढऱ्या जागेत बारीक अक्षरांची. चौकट-चौकट वाचनाची सोय चित्रांसाठी उत्तम आहे, पण या पानांवर ती बंद करा, फोन आडवा धरा आणि बोटांनी मोठं करून वाचा. टॅब्लेट असेल तर प्रश्नच नाही. आणि ती पानं वगळू नका. क्राकोआचे तीन कायदे, पुनरुत्थानाचे नियम, ऑर्किसची रचना हे सगळं तिथंच आहे, आणि पुढच्या लेखकांनी ते वाचकाला ठाऊक आहे असं धरूनच लिहिलंय.

टपालगाडी

त्याच अ‍ॅपवर उभं सरकवत वाचायचे ‘इन्फिनिटी कॉमिक्स’ही आहेत, २०२१ च्या सप्टेंबरपासून. ‘एक्स-मेन अनलिमिटेड’ त्यातली. कण्यासाठी त्यांची गरज नाही, आणि त्यातल्या ‘एक्स-मेन ग्रीन’सारख्या काही कथा नंतर छापूनही आल्या. शोध घेताना त्या मधे मधे दिसतात, तेव्हा नावात ‘इन्फिनिटी’ आहे का ते बघून बाजूला ठेवा.

शिलेदार

रातराणी, यादी बनवताना हाउस-पॉवर्सचे बारा अंक परत एकदा टाका, आधी वाचले असले तरी. ‘इन्फर्नो’च्या आधी निदान हाउस २ आणि पॉवर्स ६ पुन्हा चाळा. ‘राइज ऑफ द पॉवर्स ऑफ एक्स’ सुरू करण्याआधीही हेच दोन.